लिंच सिंड्रोम: जीन सापडायच्या आधीची गोष्ट

लिंच सिंड्रोम म्हणजे जीनमधल्या बिघाडामुळे घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत येणारा, आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा वाढलेला धोका. "आमच्या घरात सगळे पोटाच्या दुखण्यानेच जातात" असं कोणीतरी तेराव्याला हमखास बोलतं आणि लगेच दुसरं कोणीतरी त्याला गप्प करतं. अगदी हेच १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला एक शिवणकाम करणारी बाई बोलली होती, फक्त तिला गप्प कोणी केलं नाही. समोर होते अल्ड्रेड वॉर्थिन, तिथल्या युनिव्हर्सिटीतले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीराचे नमुने तपासून रोग ओळखणारे डॉक्टर. ती म्हणाली की माझ्या घरचे बहुतेक जण पोटाच्या नाहीतर बायकांच्या आतल्या अवयवांच्या कॅन्सरने गेलेत, मीही तशीच लवकर जाणार. आणि खरंच ती तरुणपणीच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी मात्र तिच्या घरच्यांची वंशावळ मांडायला घेतली आणि १९१३ साली ती छापली, त्या घराण्याला नाव दिलं 'फॅमिली जी'. पण तेव्हा कॅन्सर घराण्यातून येतो हे फारसं कोणाला पटत नव्हतं, त्यामुळे वॉर्थिन गेल्यावर विषय बराचसा मागे पडला.

मग १९६२, नेब्रास्कातलं ओमाहा. हेन्री लिंच तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते (त्याआधी नेव्हीत होते आणि बॉक्सिंगही खेळलेले, म्हणजे माणूस सरळ रेषेतला नव्हताच). त्यांच्याकडे दारूपायी हालत झालेला एक पेशंट आला. का पितोस विचारलं तर म्हणे, घरातले सगळे आतड्याच्या कॅन्सरने मेले, माझाही नंबर लागणार. आपल्याकडे अशा माणसाला 'बेवडा' म्हणून वाटेला लावतात, लिंचनी त्याच्या नातेवाईकांची माहिती काढली. सोबत होत्या सोशल वर्कर अ‍ॅन क्रश, आणि मला वाटतं या इतिहासात त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, कारण नातेवाईकांशी बोलणं, कोण कधी कशाने गेलं ते विचारणं, हे काम लॅबमध्ये बसून होत नाही.

१९६६ मध्ये नेब्रास्काचं एक आणि मिशिगनचं एक अशा दोन घराण्यांवरचा पेपर आला. वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रंही लिंच यांच्याकडे आली आणि १९७१ मध्ये त्यांनी फॅमिली जी पुन्हा तपासून मांडली. तरी शंका घेणारे होतेच, म्हणे एका घरात एकच खाणंपिणं, एकच हवापाणी, मग योगायोग असेल. पुरावा यायला १९९३ उजाडलं, त्या वर्षी एमएसएच२ हा जीन सापडला, पाठोपाठ १९९४ ला एमएलएच१. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल करतात, त्यात होणाऱ्या चुका हे जीन दुरुस्त करतात, बिघडले की चुका साचत जातात. आई किंवा बाबांपैकी एकात बिघाड असला की प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी.

गंमत म्हणजे आधार द्यायची पद्धत जीन सापडायची वाट बघत बसली नव्हती. लिंच यांची टीम पुढे सगळ्या भावंडांना, चुलत-मावस नातेवाईकांना एकत्र बोलवून माहिती द्यायची, म्हणजे एकट्या पेशंटवर "मीच घरात ही बातमी कशी सांगू" हे ओझं पडू नये. तपासणीचा फायदाही सिद्ध झाला, फिनलंडमध्ये १५ वर्षं केलेल्या अभ्यासात ३ वर्षांनी एकदा कोलोनोस्कोपी (नळीतून कॅमेरा घालून मोठं आतडं तपासणं) करणाऱ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. आता तर साधारण १ ते २ वर्षांनी करायला सांगतात. हा कॅन्सर टाळायला अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होतो का याचा अभ्यासही झालाय पण ते डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही.

आपल्याकडे टाटा मेमोरियलची कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे, आणि तिथेही पहिली गोष्ट वंशावळीचीच, आज्जी कशाने गेली, मामा कितव्या वर्षी. खरी अडचण इथेच येते, "मुलीचं लग्न व्हायचंय, आत्ता टेस्ट नको". अशा घराला रिपोर्टआधी बोलायला कोणीतरी लागतं.

फॅमिली जीचं काय झालं? २००५ साली त्यांचा सगळा इतिहास आणि त्यांच्यातला एमएसएच२ मधला नेमका बदल एका लेखात मांडला गेला, त्या बाईच्या बोलण्याला ११० वर्षं झाल्यावर. आता तिच्या नात्यातल्या एखाद्या तरुणाला रक्त तपासून कळतं की तो बदल त्याच्यात आहे का, आणि नसेल तर त्याची वर्षा-दोन वर्षांची कोलोनोस्कोपी सुटते.