पीआय कळला म्हणजे बफर कळला असं नाही

तोंडी परीक्षेत ग्लायसिन या अमिनो आम्लाचा पीआय (आयसोइलेक्ट्रिक बिंदू) विचारला की ५.९७ हा आकडा पटकन येतो. मग पीएच ६ ला इलेक्ट्रोफोरेसिससाठी (विजेच्या जोरावर रेणू वेगळे करायला) ग्लायसिनचाच बफर, म्हणजे पीएच टिकवून धरणारं द्रावण, घ्यायचा का, असं विचारलं की बरीच मुलं बिनधास्त 'हो' म्हणतात. घोळ इथेच आहे. रेणूंचा सरासरी भार कोणत्या पीएचला शून्य होतो, एवढंच पीआय सांगतो. तिथे द्रावण आम्ल किंवा आम्लारी पचवेल का, हे ठरतं पीआयच्या अलीकडचा आणि पलीकडचा पीके (ज्या पीएचला निम्म्या रेणूंतल्या एखाद्या गटाने प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) त्याच्या किती जवळ आहेत यावर.

ग्लायसिनचे पीके २.३४ आणि ९.६०, म्हणजे पीआयपासून कोसभर लांब. हिस्टिडिनचा पीआय ७.६, शेजारचे पीके ६.०४ आणि ९.१७. लायसिनचा ९.७४, पीके ८.९५ आणि १०.५३, अगदी खेटून. आता ५० मिलिमोलर ग्लायसिनच्या १०० मिलि द्रावणात ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त १ मिलि टाका. पीएच ५.९७ वरून साधारण ५.१ वर कोसळतो. हिस्टिडिनमध्ये तेवढंच टाकलं तर ०.०२ चासुद्धा फरक पडत नाही. लायसिनमधला बदल दोन दशांश दाखवणाऱ्या मीटरला कळतही नाही.

तिघांचाही निव्वळ भार शून्यच, मग असं का? सोलापूरच्या चाटी गल्लीतली दोन दुकानं घ्या. संध्याकाळी दोन्ही दुकानांच्या गल्ल्यात सकाळइतकेच पैसे. एकात दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही, दुसऱ्यात जेवढे आले तेवढे व्यापाऱ्याला देऊन झाले. पीआयवर ग्लायसिनच्या दहा हजार रेणूंपैकी जेमतेम पाच जणांवर निव्वळ भार असतो, हिस्टिडिनच्या शंभरातल्या पाचांवर, लायसिनच्या जवळजवळ पाव रेणूंवर. त्यातले निम्मे धन, निम्मे ऋण. आलेलं आम्ल किंवा आम्लारी झेलतात ते हेच रेणू. आणि वीज वाहून नेणारेही हेच. म्हणून बफरक्षमता हवी तर थोडी वाहकता पत्करावीच लागते. स्वीडनच्या हॅरी स्वेन्सन यांनी १९६१-६२ मध्ये आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगचा (रेणू आपापल्या पीआयच्या जागी गोळा करण्याच्या पद्धतीचा) सिद्धांत मांडला, तेव्हा वाहक अँफोलाइटकडे (त्यासाठी पीएचची उतरंड तयार करणाऱ्या, आम्ल आणि आम्लारी दोन्ही गुणांच्या रेणूंकडे) स्वतःच्या पीआयवर या दोन्ही गोष्टी हव्यात, हाच आग्रह धरला होता.

फॉस्फेट किंवा ट्रिसच्या नेहमीच्या बफरमध्ये सोडियम, क्लोराइड असे जोडीचे आयन वीज वाहण्यासाठी कायम हजर असतात. व्होल्टेज वाढवलं की द्रावण तापतं आणि वेगळ्या झालेल्या रेणूंचे पट्टे पसरतात. आयसोइलेक्ट्रिक बफरात, म्हणजे स्वतःच्या पीआयवर असलेल्या अशा अमिनो आम्लाच्या द्रावणात, ते आयन नसल्याने जास्त व्होल्टेज लावून प्रयोग लवकर उरकता येतो. माझं मत विचाराल तर उदासीन पीएचच्या आसपास हिस्टिडिनइतका सोयीचा मध्यममार्ग नाही.

मात्र बाटलीवरचं लेबल नीट वाचा. हिस्टिडिन आणि लायसिन बऱ्याचदा मोनोहायड्रोक्लोराइड म्हणून येतात. ते पाण्यात विरघळवलं की हिस्टिडिनचा पीएच ७.६ ऐवजी ४ च्या आसपास दिसतो आणि नको असलेला क्लोराइडही आत आलेला असतो. शुद्ध, मुक्त अमिनो आम्लच हवं.

मोजणी टायट्रेशननेच करावी. एका भागात आम्ल, दुसऱ्यात अल्कली थेंब थेंब टाकून आलेख काढा. पीआयजवळ ग्लायसिनची रेघ कड्यासारखी उभी चढते, लायसिनची आडवी सरकते. त्या चढावरूनच बफरक्षमता मिळते. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड ग्लायसिनसारख्या दुबळ्या द्रावणाचा पीएच खाली ओढतो. लायसिनची बाटली तर उघडी ठेवूच नका.

नुसतं पाण्यात विरघळवून दिसणारा पीएच म्हणजे पीआय, असंही धरून चालू नका. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा पीआय २.७७. पण ३० मिलिमोलरला पीएच २.९ च्या जवळ येतो आणि ५ मिलिमोलरला ३.१. इतक्या आम्ल भागात मोकळे हायड्रोजन आयनच हिशेबात भर घालतात; द्रावण जितकं दाट, तितका पीएच पीआयकडे सरकतो.

आणि सोलापूरचा मे महिना. बाहेर पारा चाळिशीपार, प्रयोगशाळेत एसी असेलच असं नाही. मीटरवरची स्वयंचलित तापमान दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते; बफर स्वतः बदलतो त्याचं ती काही करत नाही. हिस्टिडिनचे हे दोन्ही पीके दर अंशाला साधारण ०.०२ ने उतरतात. २५ अंशांना ७.६ भरलेला बफर ४० ला ७.३ च्या आसपास येतो, आणि मीटर तेव्हा खरंच सांगत असतो.