पुस्तक मीट आणि सांग

बांबोळीच्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं, मूळ पणजीतल्या १८४२ च्या वैद्यकीय शाळेत आहे. तिथली पहिली मुलं हाडांची नावं घोकत होती, तेव्हा माणूस किती वेगाने विसरतो हे कुणी मोजलेलं नव्हतं. ते जर्मनीत हर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने मोजलं. निरर्थक अक्षरं तो स्वतःच पाठ करी आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाही. १८८५ साली त्याने आकडे छापले. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते, पुढे मात्र घसरण मंदावते.

स्मरणशक्ती एकच एक नसते, हे एका शस्त्रक्रियेमुळे उमगलं. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसन यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज त्यांना वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय. आणि रोज रेघ सुधारत जाई. हाताची आठवण वेगळी! शिरांची नावं तोंडपाठ असलेल्या नव्या डॉक्टरची सलाइन लावताना सुई का चुकते, हे इथे कळतं. मोलेसन पुढे कित्येक दशकं चाचण्यांना बसत राहिले. त्यांचं हे ऋण मला फार मोठं वाटतं.

मग २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा म्हणताना आजी हेच करायची. ‘पुस्तक मीट आणि सांग.’ अडलं तरी लगेच सांगायची नाही, वाट पाहायची. राउंडला खाटेपाशी सर प्रश्न विचारून थांबतात, ते थांबणंही शिकवणंच असतं.

पण रात्रभर जागलेल्या डॉक्टरच्या आठवणीवर रुग्णाचा जीव सोडू नये. म्हणून २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने म्हणायची.