ट्रेलर ब्रेक कंट्रोलरच्या चार वायरी आल्या कुठून

गाडीला ट्रेलर जोडायचा आणि त्याच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी डॅशबोर्डखाली कंट्रोलर बसवायचा म्हटलं की हातात चार वायरी येतात. निळी, पांढरी, काळी, लाल. बरेच जण रंगाला रंग जोडतात, टेप गुंडाळतात आणि मोकळे होतात, मग रस्त्यावर गेल्यावर कळतं की ट्रेलर झटके देतोय किंवा ब्रेक लागतच नाहीये. या चार वायरी तिथे का आहेत हे माहीत असेल तर यातल्या खूप चुका आधीच टळतात असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ते कळायला थोडं मागे जावं लागतं. कारण पहिल्यापासून सगळी धडपड एकाच प्रश्नाची आहे, पुढे बसलेल्या ड्रायव्हरने ब्रेक किती जोरात दाबला हे मागच्या चाकांना कळायचं कसं?

सुरुवात अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट गावात झाली. आर्थर वॉर्नर आणि त्यांचे भाऊ तिथे गाड्यांचे स्पीडोमीटर बनवायचे, तेही चुंबकावर चालणारे. 1912 मध्ये तो धंदा स्टुअर्ट या दुसऱ्या उद्योजकाकडे गेला आणि त्यातून पुढे स्टुअर्ट-वॉर्नर हे नाव आलं. याच आर्थर वॉर्नरनी 1927 मध्ये इलेक्ट्रिक ब्रेकची कंपनी काढली. माणूस आयुष्यभर फिरत्या लोखंडाजवळ चुंबक धरून काय काय होतं हेच बघत राहिला असं म्हटलं तरी चालेल.

आता या ब्रेकची गंमत नीट समजून घ्या कारण वायरिंगचं सगळं गणित त्यावर आहे. इथे वीज ब्रेक दाबत नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत एका लिव्हरच्या टोकाला छोटा मॅग्नेट असतो, त्यात करंट सोडला की तो फिरत्या ड्रमच्या पत्र्याला चिकटायला जातो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, लिव्हर सरकतो आणि ब्रेक शू फाकून ड्रमला आतून दाबतात. म्हणजे जोर चाकाचाच, वीज फक्त किती पकडायचं ते सांगते. म्हणून एका मॅग्नेटला साधारण 3 अँपिअर पुरतात, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला चार ब्रेक म्हणजे 12 च्या आसपास, तीन अ‍ॅक्सलला 18. म्हणूनच ट्रेलर उभा असताना ब्रेक देऊन बघितला तर नुसती गुणगुण ऐकू येते, शू फाकत नाहीत, आणि लोकांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, चाक फिरत नसतं एवढंच.

निळी वायर ती हीच, कंट्रोलरमधून मागच्या मॅग्नेटपर्यंत जाणारी. आणि परतीचा रस्ता म्हणजे पांढरी. जुन्या काळी परतीची वेगळी वायर बरेचदा नसायचीच, ट्रेलर लोखंडाचा, गाडी लोखंडाची, मधे हुकचा गोळा, झाली अर्थिंग. पण त्या गोळ्यावर ग्रीस, गंज, रंग, आणि खड्ड्यात गेलं की क्षणभर संपर्क तुटणार. मागचा दिवा लुकलुकला तर चालून जातं, ब्रेक लुकलुकला तर नाही चालत. त्यात सुरुवातीच्या गाड्या 6 व्होल्टच्या होत्या, तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागायचा, त्यामुळे जोडणीत थोडा जरी अडथळा आला तरी ब्रेक ढिला पडायचा. 1950 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन गाड्या 12 व्होल्टवर गेल्या तेव्हा हा त्रास बराच कमी झाला, पण पांढरी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यायची हा धडा तिथलाच आहे. डॅशखालच्या कुठल्यातरी स्क्रूला अडकवलेली अर्थिंग मला अजूनही बघवत नाही.

सगळ्यात आधीचे कंट्रोलर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला हातातला लिव्हर. पायाने गाडीचा ब्रेक आणि हाताने ट्रेलरचा, दोन्ही एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात. लिव्हर सरकवला की आत गुंडाळलेल्या तारेचा रेझिस्टन्स कमी होत जायचा आणि मॅग्नेटला जास्त करंट मिळायचा. अवघड होतं, पण या हाताच्या लिव्हरचं एक काम इतकं मोलाचं निघालं की आजच्या प्रत्येक कंट्रोलरवर तो कुठल्या ना कुठल्या रूपात उरला आहे. ट्रेलर डोलायला लागला की गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकासा लावायचा, ट्रेलर मागे खेचला जातो आणि सरळ होतो.

मग आला हायड्रॉलिक कंट्रोलर आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो कारण मला तो प्रकार फार हुशारीचा वाटतो. गाडीच्या मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागाच्या, पाइपला टी मारायची, तिथून बारीक तांब्याची नळी डॅशखाली आणायची, कंट्रोलरमध्ये एक छोटा पिस्टन, आणि पायाने जितका दाब दिला तितका तो पिस्टन रेझिस्टन्सच्या तारेवर पुढे सरकणार. केल्सी-हेज कंपनीचे असे कंट्रोलर खूप चालले. सुरुवातीच्या त्या प्रश्नाचं इतकं खरं उत्तर नंतर कित्येक वर्षं कुणाला देता आलं नाही, ब्रेक जितका दाबला तितकाच ट्रेलर थांबतो.

पण त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे रेझिस्टन्सने व्होल्टेज पाडायचं तर ते किती पडेल हे मागे किती मॅग्नेट आहेत त्यावर ठरतं, दोन ब्रेकचा ट्रेलर कमी करंट घेतो म्हणून रेझिस्टन्समध्ये व्होल्टेज फारसं उतरत नाही, मागे जास्त पोचतं आणि ब्रेक कचकन लागतो. म्हणून ब्रेकच्या संख्येप्रमाणे बॉनेटखाली एक जास्तीचा रेझिस्टर बसवावा लागायचा आणि तो चांगला तापायचा. दुसरी अडचण खुद्द ब्रेक ऑइलची. 1967 च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांना दोन वेगळ्या सर्किटचे मास्टर सिलिंडर आले, पुढे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आली, आणि त्या मोजूनमापून ठेवलेल्या ऑइलमधून कंट्रोलरसाठी वाटा काढणं धोक्याचं झालं, आणि ती नळी कुठे गळली तर गाडीचेच ब्रेक जायचे. शेवटी गाडीवाल्या कंपन्यांनीच पाइपला हात लावू नका असं सांगितलं.

ही नळी गेली आणि तिच्या जागी लाल वायर आली, म्हणजे स्टॉपलाइटच्या स्विचची. सोय झाली पण फार मोठी माहिती हरवली हे लक्षात घ्या, नळी सांगायची किती दाबला, लाल वायर फक्त सांगते दाबला की नाही. त्यामुळे टाइम डिले कंट्रोलर निघाले, स्विच लागला की ठरलेल्या वेळात ठरलेल्या ताकदीपर्यंत ब्रेक चढवत न्यायचा. सिग्नलला हळूच पाय ठेवा नाहीतर समोर माणूस आला म्हणून दणका द्या, ट्रेलरला दोन्ही सारखंच. ट्रॅफिकमध्ये झटके देणारे ते हेच, स्वस्त आहेत, कसेही वाकडे बसवले तरी चालतात म्हणून अजून विकले जातात, पण जड ट्रेलरसाठी मी ते कुणालाच सुचवणार नाही.

किती दाबला हे परत मिळवायला मग लोलक आला. कंट्रोलरच्या पोटात एक लटकतं वजन, गाडी जोरात थांबली की ते पुढे झुलणार आणि तितका ब्रेक. टेकोन्शा या नावाने हे कंट्रोलर बरेच पसरले. फक्त बसवताना तो सरळ पातळीत असायला हवा, आणि घाटात गाडीच कलली की लोलकही कलतो. 1990 च्या दशकात एअरबॅगसाठी त्वरण मोजणाऱ्या इवल्याशा चिप मोठ्या प्रमाणावर बनायला लागल्या आणि तशा चिपनी हा प्रश्न बराच सोडवला. त्याच सुमाराला तापणारा रेझिस्टन्सही गेला, आता करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून सरासरी कमी-जास्त करतात, त्यामुळे मागे दोन मॅग्नेट असोत की सहा, फरक पडत नाही. मघाशी सांगितलेली गुणगुण बरेचदा याचीच.

काळी वायर राहिली. ती बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट यायला हवी, फ्यूज बॉक्समधल्या रिकाम्या खाचेतून नाही, आणि मधे आपोआप परत चालू होणारा सर्किट ब्रेकर, चार ब्रेकपर्यंत 20 अँपिअरचा आणि सहा ते आठला 30 चा. साधा फ्यूज का नाही? फ्यूज उडाला तर उतारावर ब्रेक कायमचा गेला, ब्रेकर थंड झाला की पुन्हा जुळतो. ट्रेलर सुटलाच तर हा सगळा रस्ताच तुटतो, म्हणून ट्रेलरवर वेगळी बॅटरी आणि दोरीने खेचला जाणारा ब्रेकअवे स्विच असतो, अमेरिकेच्या नियमात अशा वेळी ब्रेक निदान 15 मिनिटं लागून राहिला पाहिजे असं आहे.

युरोप या वाटेने फारसा गेलाच नाही, तिथे 3500 किलोपर्यंतच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक, म्हणजे ट्रेलर पुढे ढकलला गेला की तोच धक्का त्याचा ब्रेक ओढतो. ना कंट्रोलर, ना वायर.

2005 मध्ये फोर्डने सुपर ड्यूटी ट्रकमध्ये कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली, आणि तिथे खऱ्या अर्थाने त्या तांब्याच्या नळीतली माहिती परत आली, कारण आतल्या कंट्रोलरला गाडीच्या ब्रेकमधला दाब कळतो, एबीएस काय करतंय तेही कळतं. बाहेरून आणलेल्या कंट्रोलरला मात्र अजून ती लाल वायरच. आणि आता अडचण तिचीच आहे, जुन्या गाडीत पेडलच्या स्विचमधून दिव्याचा पूर्ण करंट जायचा, नव्या गाड्यांमध्ये बरेचदा तो स्विच कॉम्प्युटरला नुसता बारीकसा इशारा देतो आणि दिवे दुसरंच कुणीतरी पेटवतं. म्हणून लाल वायर जोडायच्या आधी मीटर लावून बघायचं, पेडल सोडलेलं असताना शून्य, दाबल्यावर पूर्ण 12 व्होल्ट, आणि इंडिकेटर लावला तर काहीही नाही. अमेरिकन गाड्यांमध्ये बरेचदा ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बवर असतात, तिथे मागच्या बल्बवरून लाल वायर घेतली तर वळण घेताना इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीला कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबला.