क्षेपणास्त्राचं गणित आणि एक मूल

हुकूमशाही कुणाचं ऐकत नाही, असं आपण सहज म्हणतो. चीनमध्ये विद्वानांचं ऐकलं गेलं. फक्त कुणाचं आणि कधी ऐकायचं, ते वरून ठरलं.

पेकिंग विद्यापीठाचे अध्यक्ष मा यिनचू यांनी 1957 मध्ये वाढत्या लोकसंख्येबद्दल सावध केलं. त्यांच्यावर टीकेची मोहीम उघडली गेली आणि 1960 मध्ये पद गेलं. सरकारने त्यांना पुन्हा मान दिला 1979 मध्ये, त्यांच्या वयाच्या नव्वदीनंतर. मधल्या काळात समाजशास्त्राची वाताहत झाली. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्यांना मात्र संरक्षण होतं. त्यांच्यापैकीच सोंग जिआन यांनी नियंत्रणशास्त्राची, म्हणजे यंत्राला ठरलेल्या मार्गावर ठेवण्याच्या शास्त्राची, समीकरणं लोकसंख्येला लावली.

दर स्त्रीमागे तीन मुलं होत राहिली तर 2080 पर्यंत लोकसंख्या 400 कोटींच्या वर जाईल, असं त्यांच्या गणितातून निघालं. हा आकडा आपणही पडताळू शकतो. लोकसंख्या स्थिर राहायला सुमारे 2.1 मुलं लागतात. 3 भागिले 2.1, म्हणजे दर पिढीत सुमारे 1.43 पट. शंभर वर्षांत साधारण साडेतीन पिढ्या होतात, म्हणजे 1980 च्या सुमाराच्या जवळपास 100 कोटींच्या साधारण साडेतीनपट. त्यात तरुणांचं प्रमाण जास्त, म्हणून आकडा आणखी चढतो. गुणाकार बिनचूक आहे. शंका घ्यायला हवी होती ती ‘तीन’वर. 1970 मध्ये सहाच्या जवळ असलेला जननदर 1978 पर्यंत तीनच्याही खाली आला होता! संगणकातून आलं म्हणून उत्तर खरं ठरत नाही, हे आजही तितकंच लागू आहे.

पण दरडोई उत्पन्न वाढवायला निघालेल्या नेतृत्वाला असाच ठाम आकडा हवा होता. सप्टेंबर 1980 मध्ये पक्षाने खुल्या पत्रातून एकाच मुलाचं आवाहन केलं. पुढे त्यापायी सक्तीचे गर्भपात आणि नसबंदी झाल्या.

क्षेपणास्त्र भरकटलं की संवेदक चूक कळवतो, मग दिशा सुधारते. राज्यव्यवस्थेत हे काम टीका करणारा अभ्यासक करतो. शान्शी प्रांतातले लियांग झोंगतांग यांनी ते केलं. उशिरा लग्न आणि दोन मुलांत पुरेसं अंतर, एवढ्या अटींवर दोन मुलं होऊ द्या, असं ते सांगत होते. 1985 मध्ये यीचेंग परगण्यात तसा प्रयोग सुरू झाला, आणि तिथली लोकसंख्यावाढ देशाच्या सरासरीपेक्षा कमी राहिली. तरीही दोन मुलांची मुभा देशभर मिळाली ती 2016 मध्ये. जननदर 2.1 च्या खाली जाऊन तोवर वीसहून अधिक वर्षं झाली होती.