स्टिकर वाचण्याआधी मोजा

अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटं चक्कर मारा, असं वाटतं की इथल्या लोकांच्या मनात काय चाललंय ते विचारायची गरजच नाही, सगळं बंपरवर चिकटवलेलंच आहे. कोणाला देवमासे वाचवायचेत, कोणाला टॅक्स कमी करून हवाय, कोणी मागच्या निवडणुकीत आपटलेल्या उमेदवाराला अजून सोडायला तयार नाही. अभ्यास करणाऱ्याला हे फुकटचं घबाडच, कारण माणसाला थेट प्रश्न विचारला की तो जरा सांभाळून, बरं दिसेल असं उत्तर देतो, स्टिकर मात्र त्याने कोणी न विचारता स्वतःच लावलेलं असतं.

लावलेलं असतं म्हणजे, बहुतेक वेळा. पोराच्या हातात बापाची जुनी गाडी आली असेल तर ते स्टिकर बापाचं. आणि ज्यांच्या बंपरवर काहीच नाही त्यांची मतं काय, हे पार्किंगमध्ये कितीही फिरलात तरी कळणार नाही.

बरं, मजकूर खरा धरला तरी तो सांगतो किती? फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत विल्यम स्लेम्को आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या गाडीबद्दल आणि ड्रायव्हिंगबद्दल विचारलं, हा अभ्यास 2008 साली छापून आला. ज्याच्या गाडीवर स्टिकर आणि तसल्या सजावटी जास्त, तो रस्त्यावर जास्त डोकं फिरवून घेणारा निघाला. गंमत म्हणजे स्टिकरवर काय लिहिलंय याने फरक पडत नव्हता, विश्वशांती असो नाहीतर शिवी, आकडा महत्त्वाचा. मग त्यांनी सिग्नललाही बघितलं. डावीकडे वळायच्या लेनमध्ये यांची गाडी उभी, हिरवा लागला तरी हलायचं नाही, आणि मागचा किती वेळात हॉर्न मारतो ते मोजायचं. सजवलेल्या गाडीवाल्यांनी साधारण दोन सेकंद आधी हॉर्न वाजवला!

या संशोधकांचं म्हणणं असं की स्टिकर म्हणजे कुंपण. घर आपलं आणि रस्ता सगळ्यांचा हे आपल्याला कळतं, पण गाडी म्हणजे घरातली एक खोली रस्त्यावर आणल्यासारखं झालं, त्यामुळे कोणी आडवा आला की आपल्या अंगणात घुसल्यासारखं वाटतं. आता याचा अर्थ स्टिकर काढलं की माणूस शांत होईल असा नाही हां, मुळात तापट माणूसच जास्त चिकटवत असेल.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवणारा प्रयोग जुना आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया स्टेट कॉलेजमध्ये काही विद्यार्थ्यांची तक्रार होती की गाडीवर ब्लॅक पँथर पार्टीचं, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जहाल संघटनेचं, स्टिकर असलं की पोलीस सारखे अडवतात. तेव्हा पँथर आणि पोलीस यांचं उभं वैर. फ्रान्सिस ह्यूसेनस्टॅम या प्राध्यापिकेने 15 विद्यार्थी घेतले, 5 काळे, 5 गोरे, 5 मेक्सिकन वंशाचे, आधीच्या वर्षभरात एकालाही पावती फाटलेली नाही. गाड्यांचे दिवे-ब्रेक तपासले, नियम पाळून चालवू असं लिहून घेतलं, आणि प्रत्येक बंपरवर पँथरचं स्टिकर लावलं.

पहिली पावती दोन तासांच्या आत. कारण काय, तर लेन चुकीची बदलली.

मग रांगच लागली. स्टिकर न लावलेला दुसरा गट तुलनेला नव्हता, ही प्रयोगातली मोठी उणीव, आणि मुलांना काय तपासतोय हेही माहीत होतं. तरी ज्यांना वर्षभर कोणी हात दाखवला नव्हता, त्यांना मिळून 17 दिवसांत 33 पावत्या. दंड भरायला 500 डॉलर बाजूला काढून ठेवले होते, ते सतराव्या दिवशी संपले आणि प्रयोग तिथेच थांबवावा लागला.