जलविक्रियाशील रसायनांची गळती व आग

पाण्याशी संपर्क येताच ज्वालाग्राही, विषारी किंवा क्षरणकारी वायू सोडणारी अथवा तीव्र उष्णता देणारी रसायने सांडल्यास वा पेटल्यास अवलंबायची आपत्कालीन कार्यपद्धती. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात पाण्यामुळे ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ ४.३ या उपवर्गात येतात. टोकावर उभा निळा चौकोन व त्यात ज्योत, हे त्यांचे चिन्ह. सोडियम, पोटॅशियम, लिथियम, मॅग्नेशियमाचे चूर्ण, धातूंची हायड्राइडे, कॅल्शियम कार्बाइड व ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे या उपवर्गातील प्रमुख पदार्थ होत.

निळे चिन्ह नसले म्हणजे पाणी चालते, असे मात्र नाही. थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, टिटॅनियम टेट्राक्लोराइड, क्लोरोसल्फोनिक अम्ल, ओलियम (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेले सल्फ्युरिक अम्ल) हे द्रव क्षरणकारी किंवा विषारी म्हणून वर्गीकृत असल्याने त्यांच्या टँकरवर निळा चौकोन आढळत नाही. महाराष्ट्रातील रंगद्रव्ये, औषधे व कीटकनाशके बनवणाऱ्या औद्योगिक पट्ट्यांत अशा द्रवांचा वापर मोठा आहे. अग्निशामकांचा सामना सोडियमपेक्षा यांच्याशी होण्याचा संभव त्यामुळे अधिक.

विक्रियेचे स्वरूप : एक किलोग्रॅम सोडियमापासून सामान्य तापमान-दाबाला सुमारे ४९० लिटर हायड्रोजन निघतो व मागे दाहक (कॉस्टिक) सोडा उरतो. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल, तर मिश्रण पेटू शकते. एक किलोग्रॅम बाजारी कार्बाइड साधारण ३०० लिटर ॲसिटिलीन देते. ॲसिटिलिनाची ज्वलनमर्यादा सुमारे २.५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या पलीकडे जाते. बाजारी कार्बाइडात फॉस्फाइडाची अशुद्धी असते. तिच्यामुळे लसणासारखा वास येतो, आणि ठिणगीवाचूनही वायू पेटण्याची शक्यता वाढते.

सोडियम, पोटॅशियम पाण्यात टाकल्यावर स्फोट का होतो, याचे उत्तर दीर्घकाळ ठरलेले मानले जात असे : उष्णतेने हायड्रोजन पेटतो. हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये हे दोन्ही धातू वेगळे केल्यापासूनचा अनुभवही याला पोषकच होता. एक अडचण मात्र राहत होती. धातूभोवती वाफेचा व हायड्रोजनाचा थर जमला, की पाणी दूर लोटले जाऊन विक्रिया मंदावली पाहिजे. प्रत्यक्षात ती भडकते. प्राग येथील पावेल युंगव्हिर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूच्या थेंबांचे अतिवेगवान चित्रण केले. थेंब पाण्याला लागल्यानंतर एका मिलिसेकंदाच्याही आत त्यातून धातूचे काटे बाहेर फेकले जात असल्याचे त्यात दिसले. त्यांच्या मते इलेक्ट्रॉन क्षणार्धात पाण्यात निघून जातात, मागे राहिलेला धातू धनभारित होतो व समभारांच्या अपकर्षणाने फुटतो. त्यामुळे ताजा पृष्ठभाग सतत उघडा पडतो आणि थर टिकत नाही. पहिल्या क्षणापुरते हे स्पष्टीकरण अधिक पटणारे दिसते. नंतरच्या ज्वाळेला हायड्रोजनच कारण. हा वाद अगदीच पुस्तकी नाही. हवा बंद केली की धोका टळतो, हा समज जुन्या स्पष्टीकरणातून आला आहे. प्रत्यक्षात पहिल्या फुटीला हवेची गरज नसते, आणि त्या फुटीत वितळलेला धातू लांबवर उडतो.

ओळख : पहिला निर्णय पदार्थ ओळखण्याचा. भारतात धोकादायक मालाच्या वाहनांवर आपत्कालीन माहितीचा फलक लावणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे. सोडियमाचा संयुक्त राष्ट्र क्रमांक १४२८, कार्बाइडाचा १४०२, ॲल्युमिनियम फॉस्फाइडाचा १३९७. फलकावरील हॅझकेम संकेत आग-गळतीत काय करावे हे सांगतो; त्यातील पहिला अंक विझवण्याचे माध्यम दाखवतो : १ म्हणजे जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फेस, ४ कोरडे माध्यम. सोडियमासाठी ‘४डब्ल्यू’ हा संकेत आहे. त्यातील डब्ल्यू या अक्षराने तीव्र विक्रियेचा धोका, श्वसनयंत्रासह संपूर्ण रासायनिक पोशाख आणि सांडलेले वाहू न देता अडवणे या तीन गोष्टी सुचवल्या जातात. युरोपीय फलकावर धोका-अंकाआधी एक्स हे अक्षर असल्यास पाणी वर्ज्य समजावे (सोडियमाचा अंक एक्स४२३). फलक आधीच्या खेपेचा राहून गेलेला असू शकतो. चालकाकडील ट्रेम कार्ड (वाहतुकीतील आपत्कालीन सूचनापत्र) व मालाची कागदपत्रे त्याच्याशी ताडून पाहिल्याखेरीज नळी उघडू नये.

वाऱ्याच्या वरच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडून, जावे. उत्तर अमेरिकेतील आपत्कालीन मार्गदर्शिकेनुसार गळतीभोवती घनपदार्थासाठी किमान २५ मीटर व द्रवासाठी ५० मीटर क्षेत्र मोकळे करतात; टँकर आगीत सापडल्यास ८०० मीटर. पाणी बंबातूनच येते असे नाही. गटार, पावसाचे डबके, ओली ताडपत्री, इतकेच काय, काँक्रीटमधील ओलही पुरते. तापलेले सोडियम काँक्रीटवर सांडले, तर आतली ओल वाफ होऊन कपचे उडतात व हायड्रोजन निघतो. कोकणात पावसाळ्यात म्हणून पहिले काम कोरडे आच्छादन घालण्याचे व गटाराची तोंडे बंद करण्याचे. बंदिस्त गोदामात मात्र आच्छादनाखाली वायू साचणार नाही, हे पाहावे लागते.

धातूंची आग : भारतीय पद्धतीत ही ‘ड’ वर्गाची आग. सोडियम क्लोराइडावर आधारित चूर्ण, ग्राफाइट, किंवा सोडियम, पोटॅशियम व बेरियम यांच्या क्लोराइडांचे त्रिघटकी मिश्रण वापरतात. चूर्ण जोराने मारायचे नसते. लांब दांड्याच्या फावड्याने किंवा मंदगती तोटीने कडेकडून आत सरकत सलग थर घालावा. नेहमीचे दाबाचे कोरड्या भुकटीचे नळकांडे वितळलेला धातू उधळते. कार्बन डाय-ऑक्साइड निरुपयोगी ठरतो, कारण मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजन घेऊन जळत राहते व काजळी उरते. कार्बन टेट्राक्लोराइडासारख्या हॅलोजनयुक्त द्रवांशी सोडियमाचा स्फोट होतो. वाळू चालते, पण ती भट्टीत सुकवलेली हवी. दाराबाहेर लाल बादल्यांत टांगलेली वाळू किनाऱ्यावरच्या दमट हवेत कधीच पुरेशी कोरडी नसते. जळत्या लिथियमाला तर वाळूही नको; ते सिलिकेशी विक्रिया करते. त्यासाठी ग्राफाइट किंवा तांब्याचे चूर्ण योग्य. (लिथियम-आयन बॅटरीची आग ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात धातुरूप लिथियम सहसा नसतेच, व ती थंड करायला भरपूर पाणीच लागते.)

थर धरला, धूर थांबला म्हणून आग विझली असे नव्हे. पापुद्रा थंड होण्याआधी फोडला की धातू पुन्हा पेटतो. उरलेले सोडियम कोरड्या भांड्यात खनिज तेलाखाली ठेवतात. झाकण घट्ट लावत नाहीत, कारण राहिलेल्या ओलीतून वायू निघून भांडे फुगते. पोटॅशियमावर पिवळट पापुद्रा असल्यास तो सुपरऑक्साइडाचा असू शकतो. तेलात भिजलेला असा तुकडा कापणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

द्रव क्लोराइडे : थायोनिल क्लोराइडापासून सल्फर डाय-ऑक्साइड व हायड्रोजन क्लोराइड निघतात, टिटॅनियम टेट्राक्लोराइड दमट हवेतच दाट पांढरा धूर देते. डबक्यावर पाणी पडले, की वायूचा लोट एकदम वाढतो. म्हणून कोरडी माती, वाळू किंवा वर्मिक्युलाइट (द्रव शोषणारे फुगवलेले खनिज) यांनी डबके वेढावे व झाकावे. लाकडाचा भुसा वापरू नये. पाण्याचा बारीक फवारा मात्र येथे उपयोगी आहे : डबक्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला धुराचा लोट खाली आणण्यासाठी, आणि शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी. फवाऱ्याचे अम्लयुक्त पाणी डबक्याकडे परत वाहू नये यासाठी आधी बांध घालावा. गडबडीत नेमके हेच राहून जाते. क्लोरोसिलेनांच्या (सिलिकॉन व क्लोरीन असलेल्या अशाच संयुगांच्या) मोठ्या गळतीवर अल्कोहॉलरोधी, मध्यम फुगाऱ्याचा फेस वापरतात. त्यात पाणी असते, पण ते सावकाश सुटते.

फॉस्फाइडे : धान्यगोदामातील धुरीच्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. गोळ्या फुटून सांडल्या, तर त्यांचा ढीग करू नये, ओल्या पोत्यात भरू नये. साचलेले फॉस्फीन आपोआप पेटते. वापरून झालेल्या भुकटीचे शमन उघड्यावर, पाणी व धुण्याची पावडर असलेल्या पिंपात थोडी थोडी भुकटी सोडून करतात. पावडरीने भुकटी भिजून तळाशी जाते. नाहीतर ती तरंगत वायू कोंडून ठेवते. थोडा पदार्थ भरपूर पाण्यात आणि थोडे पाणी भरपूर पदार्थावर, यांतला फरक येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

बाधित व्यक्ती : घन कण आधी कोरड्या ब्रशने झटकावेत, रुतलेले सोडियम चिमट्याने काढावे. त्यानंतर मोठ्या प्रवाहाखाली किमान २० मिनिटे धुवावे. ‘पाणी नको’ हा नियम माणसाच्या अंगाला लावणे घातक आहे. द्रव क्लोराइड अंगावर पडल्यास कपडे उतरवून लगेच भरपूर पाणी वापरावे.

तिआनजिन, २०१५ : चीनमधील तिआनजिन बंदरातील गोदामात १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री आग लागली व सुमारे ३० सेकंदांच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. १६५ मृत व ८ बेपत्ता अशी अधिकृत नोंद आहे. मृतांत सुमारे शंभर अग्निशामक होते. पहिल्या काही दिवसांत अग्निशामकांचे पाणी कार्बाइडावर पडून ॲसिटिलीन निघाले व त्यामुळे स्फोट झाला, असे सर्वत्र लिहिले गेले. तेथे कोणता माल किती आहे, याची माहिती पहिल्या तुकड्यांना नव्हती, हे या तर्कामागचे खरे दुखणे होते. चीनच्या राज्य परिषदेच्या पथकाने २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात मूळ आग नायट्रोसेल्युलोजात (ओले ठेवावे लागणाऱ्या अतिज्वालाग्राही पदार्थात) लागल्याचे म्हटले आहे : त्याला ओले ठेवणारा द्रव उडून गेला, उन्हाळ्यात ते आपोआप तापले व पेटले, पुढे अमोनियम नायट्रेटाचा स्फोट झाला. हेच निदान अधिक ग्राह्य धरले जाते. म्हणजे जलविक्रियेचे उदाहरण म्हणून वारंवार दिल्या जाणाऱ्या या दुर्घटनेची सुरुवात ओल सुकल्याने झाली.

भारतातील व्यवस्था : कार्बाइडाची साठवण कॅल्शियम कार्बाइड नियम, १९८७ खाली येते, परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही नागपुरातच आहे. कारखान्याबाहेरील आपत्ती-नियोजन रासायनिक अपघातविषयक १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवर होते.