ठेका रद्द झाला म्हणजे ब्लॅकलिस्ट झालात असं नाही

गेल्या पावसाळ्यात एक ठेकेदार माझ्या टेबलावर कागद आपटून म्हणाले, "झालं भाऊ, संपलो आपण. ब्लॅकलिस्ट!" कागद मध्य प्रदेशातल्या एका सरकारी खात्याचा, दीड पानाचा, अर्थातच हिंदीत. मी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अनुबंध निरस्त किया जाता है", म्हणजे करार रद्द, असं होतं. "परफॉर्मन्स गारंटी राजसात की जाती है", म्हणजे काम नीट करण्याची हमी म्हणून ठेवलेली रक्कम जप्त, असं होतं. काळी सूची, बंदी, पुढच्या निविदा यांबद्दल अवाक्षर नव्हतं. पण या गृहस्थांनी तेवढ्यावरून दोन निविदा भरल्याच नाहीत, आणि त्यातल्या एकीची मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती.

इंदुरातल्या रामबागेत बसून ठेकेदारांच्या निविदांचे कागद करण्यात माझी बावीस वर्षं गेली. एवढ्या काळात हा एक घोळ काही मिटला नाही. ठेका रद्द झाला की इंदुरात संध्याकाळपर्यंत बातमी फिरते, "अमका ब्लॅकलिस्ट झाला." नुसती नोटीस निघाली तरी व्हॉट्सॲपवर तेच. आपले ठेकेदारही तेच बोलतात, खात्यातले बाबूही तेच, आणि हल्ली काही वकीलसुद्धा. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

ठेका रद्द होणं म्हणजे काय ते ठेकेदाराला मी काय सांगणार. मुदत संपली, काम रेंगाळलं, नोटिसा आल्या, शेवटी कार्यपालन यंत्रींनी (म्हणजे कार्यकारी अभियंत्यांनी) काम हातातून काढून घेतलं. केंद्रीय लोकनिर्माण विभागाच्या कामांत याला "क्लॉज तीन लागला" म्हणतात. अनामत गेली, गॅरंटी गेली, अंतिम मोजमाप झालं. उरलेलं काम दुसऱ्याला देतात, आणि त्या उरलेल्या कामाच्या निविदेत तुम्हाला भाग घेता येत नाही. लोकांच्या मनात गोंधळ बहुधा याच वाक्यातून शिरतो. ती मनाई त्या एका कामाच्या उरलेल्या तुकड्यापुरती असते. शेजारच्या जिल्ह्यातल्या पुलाशी तिचा संबंध नाही.

काळ्या यादीचं तसं नाही. तिला मी आपला "बंदी" म्हणतो, कारण यादी वगैरे कुणाला दिसत नाही, दिसते ती बंदी. केंद्राच्या वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने २ नोव्हेंबर २०२१ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलंय की बॅनिंग, सस्पेन्शन, ब्लॅकलिस्टिंग या सगळ्यांचा अर्थ एकच, डिबारमेंट. म्हणजे पुढे निविदा भरायची नाही. रद्द होतो तो करार. बंदी येते ती तुमच्यावर, तुमच्या फर्मवर आणि तिच्या भावंड फर्मांवरही. बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून सुटू म्हणणाऱ्यांनी ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी.

पैशातला फरक सरळ आहे. रद्द होताना गॅरंटी जाते, बंदीत थेट पैसा जात नाही, पुढचा धंदा जातो. चालू कामांचंही सरळ आहे. केंद्राच्या त्या सूचनांप्रमाणे बंदीच्या आधी झालेले करार बंदीने तुटत नाहीत. बंदी आली म्हणून चालू साइटवरचं मिक्सर उचलून आणणारा ठेकेदार मी पाहिलाय. ते काम सोडल्याबद्दल मग त्याला खरंच क्लॉज तीन लागला.

आता खरा मुद्दा, ज्यावर सगळे अडखळतात. ठेका रद्द झाला की त्याच्या पाठोपाठ बंदी आपोआप येत नाही. ती वेगळी लावावी लागते, आणि त्याआधी वेगळं विचारावं लागतं.

हे काही माझं मत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच, इरूशियन इक्विपमेंटच्या खटल्यात सांगितलंय की काळ्या यादीत घातल्याने माणसाच्या नावाला बट्टा लागतो आणि सरकारशी व्यवहार करण्याची त्याची वाट बंद होते, त्यामुळे आधी त्याला बोलू द्या. त्यानंतर २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या निकालात कोर्ट नोटिशीच्या मजकुरापर्यंत गेलं. नोटिशीत दोन गोष्टी हव्यात. आरोप काय आहे, आणि काय कारवाई करायचा विचार आहे. "तुमच्यावर कारवाई का करू नये" एवढं मोघम लिहून भागत नाही. बंदी घालायचा विचार असेल तर तसं दिसलं पाहिजे. अगदी तो शब्द नसला तरी नोटीस वाचून बंदीचाच विचार आहे हे निःशंक कळत असेल तर चालेल, अशी फट कोर्टाने ठेवली आहे. आणि खात्याचे वकील त्या फटीत दरवर्षी डोकं घालून बघतात.

ही फट किती अरुंद आहे ते आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून कळतं. भारतीय खाद्य निगमाने (एफसीआयने) मध्य प्रदेशात चौकीदारांच्या भरतीची परीक्षा घ्यायला यूएमसी टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी नेमली होती. एप्रिल २०१८ मध्ये परीक्षेच्या दिवशी ग्वाल्हेरला स्पेशल टास्क फोर्सने पेपरफुटीत माणसं पकडली. निगमाने कंपनीला नोटीस दिली. जानेवारी २०१९ मध्ये एकाच आदेशात करार रद्द, अनामत जप्त आणि ५ वर्षं निगमाच्या निविदांना बंदी. एकाच कागदावर तिन्ही. आपल्या ठेकेदाराने हा कागद पाहिला असता तर "सगळं एकच" म्हणाला असता. कंपनी बंदीविरुद्ध हायकोर्टात हरली, सुप्रीम कोर्टात गेली. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उडवली. कारण नोटिशीत निविदेची कलमं भारंभार लिहिली होती, पण आम्ही तुम्हाला काळ्या यादीत टाकायच्या विचारात आहोत हे कुठे नव्हतं. निविदेत बंदीची तरतूद होती म्हणून नोटिशीत ती गृहीत धरायची नाही, असा त्याचा अर्थ. पेपर फुटला की नाही, दोष कुणाचा, या चर्चेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. नोटिशीच्या मजकुरावर निकाल लागला.

म्हणून माझ्याकडे कागद आला की मी आदेश बाजूला ठेवतो आणि आधीची नोटीस मागतो. दहातले आठ जण म्हणतात, "ती कुठेतरी गाडीत असेल." अरे बाबा, सगळी लढाई त्या कागदावर आहे! मग ती सापडते, डॅशबोर्डखाली, गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पाकिटाला चिकटलेली. तिच्यात "क्यों न अनुबंध निरस्त किया जाए" एवढंच असेल आणि आदेशात बंदी घुसवली असेल, तर बंदीचा भाग कच्चा. "क्यों न काली सूची में दर्ज किया जाए" असं असेल आणि तुम्ही उत्तरच दिलं नसेल, तर चूक तुमची. दोन ओळींत "देरी के लिए क्षमा करें, कार्य शीघ्र पूर्ण किया जाएगा" असं छापील उत्तर देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. करार रद्द करायच्या नोटिशीला ते एकवेळ चालतं. बंदीच्या नोटिशीला नाही. तिथे मुदत का लांबली, ड्रॉइंग खात्याने कधी दिलं, जागा कधी मोकळी करून दिली, बिलं किती महिने अडकली, हे तारखांसकट लिहायचं असतं. कारण प्रश्न तुमच्या कामाचा राहिलेला नसतो, तुमच्या लायकीचा झालेला असतो.

आणि लायकीचा प्रश्न साध्या वादातून उभा करायचा नाही, हेही कोर्टाने सांगून झालंय. कोलकाता महापालिकेने जाहिरात फलकांच्या ठेक्यातल्या भांडणावरून एका कंपनीवर ५ वर्षांची बंदी घातली होती. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. कराराचा साधा भंग आणि त्यावर दोन्ही बाजूंचा खराखुरा वाद असेल, तर हे हत्यार काढायचं नाही. त्याआधी २०१३ मध्ये कुलजा इंडस्ट्रीजच्या प्रकरणात कायमची बंदी अवाजवी ठरली होती. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या नियम १५१ मध्ये, मुदती ठरलेल्याच आहेत. सचोटीच्या नियमांचा भंग केला तर खरेदी करणारं खातं जास्तीत जास्त २ वर्षं, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यासारख्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ३ वर्षांपर्यंत. राज्याच्या खात्यांना हा नियम थेट लागू नाही, त्यांचे नियम आणि निविदेतल्या अटी वेगळ्या. पण आधी विचारा, कारण द्या, मुदत ठरवा, हे सगळ्यांनाच आहे.

आता शपथपत्र. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. निविदेसोबत स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागतं. एका निविदेत फक्त "कोणत्याही शासकीय विभागाने काळ्या यादीत टाकलेलं नाही" एवढंच असतं. दुसरीत त्याच्या पुढे "मागील अमुक वर्षांत कोणताही अनुबंध निरस्त झालेला नाही" हेही असतं, बहुतेक वेळा त्याच वाक्यात, स्वल्पविरामाने जोडलेलं. आमच्या ओळखीच्या एका तरुण ठेकेदाराचं एक काम रद्द झालं होतं. बंदी नव्हती. त्याला कुणीतरी सांगितलं, "तू ब्लॅकलिस्ट नाहीस, बिनधास्त 'नाही' लिही." त्याने दोन्हींना मिळून एकच "नाही" लिहिलं. पहिल्या प्रश्नाला ते खरं, दुसऱ्याला खोटं. छाननीत खात्याने ठेका रद्द केल्याचा आदेश काढून समोर ठेवला. केंद्राच्या नियमांत खोटं निवेदन आणि दिशाभूल होईल असं काही लपवणं हा नियम १७५ च्या सचोटी संहितेचा भंग ठरतो, आणि संहितेचा भंग म्हणजे नियम १५१ ची बंदी. रद्द झालेल्या कामामुळे त्याच्यावर बंदी आली नव्हती. त्या "नाही"ने मात्र तो बंदीच्या दारात जाऊन उभा राहिला.

यावर माझं ठाम मत आहे, पटो न पटो. रद्द झालेलं काम लपवू नका. वेगळ्या कागदावर लिहा: काम कोणतं, आदेशाचा क्रमांक आणि तारीख, वाद कुठे चालू आहे. अटच असेल की रद्द झालेला चालणार नाही, तर निविदा भरू नका, पण खोटं लिहू नका. अट नसेल तर ठेका रद्द झाला म्हणून घरी बसू नका. माझ्या त्या पावसाळ्यातल्या ठेकेदाराने जी दुसरी निविदा भरली नाही, तिच्यात ठेका रद्द झाला होता का हा प्रश्नसुद्धा विचारलेला नव्हता. नंतर आम्ही दोघांनी मिळून तो नमुना वाचला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहा सांगा."

आणखी एक, हे आपल्या मध्य प्रदेशाचं खास. दोन्ही गोष्टींच्या वाटा वेगळ्या गावांना जातात. राज्य सरकारच्या किंवा राज्याच्या ताब्यातल्या उपक्रमाच्या बांधकामाचा ठेका रद्द झाला आणि त्यातून पैशाचा वाद असेल, तर १९८३ च्या माध्यस्थम् अधिकरण (म्हणजे लवाद न्यायाधिकरण) कायद्याप्रमाणे भोपाळच्या ट्रिब्युनलमध्ये जायचं. करारात लवादाचं कलम असलं तरी १९९६ च्या केंद्राच्या लवाद कायद्याखाली आपला लवाद नेमून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१८ मध्ये एल. जी. चौधरी इंजिनिअर्सच्या प्रकरणात पक्कं केलं. शिवाय ट्रिब्युनलच्या आधी करारात सांगितलेल्या अंतिम अधिकाऱ्याकडे दावा टाकावा लागतो. त्याने निर्णय कळवल्यापासून १ वर्षात भोपाळ. त्याने ६ महिन्यांत काहीच केलं नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष. रेल्वे आणि केंद्रीय लोकनिर्माण विभागाची कामं यात येत नाहीत, त्यांचा लवाद वेगळा.

बंदीविरुद्ध मात्र भोपाळला जाऊन काय करणार? ती पैशाची भानगड नाही. तिच्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे आपल्या एमजी रोडवरचं हायकोर्ट, इंदूर खंडपीठ. एका ओळखीच्यांनी दोन्ही गोष्टी एकाच रिटमध्ये घातल्या होत्या. बंदीचं ऐकलं गेलं, ठेका रद्द झाल्याबद्दल ट्रिब्युनलचा रस्ता दाखवला गेला, आणि या भानगडीत अंतिम अधिकाऱ्याकडे दावा टाकायचा राहिलाच. ठेका रद्द करण्याच्या आदेशात हायकोर्ट कधीच हात घालत नाही असं नाही, आदेश उघड मनमानी असेल तर घालतं. पण त्या आशेवर वर्षाची मुदत हातची घालवू नये.

त्या ठेकेदारांचं पुढे असं झालं की आम्ही अंतिम अधिकाऱ्याकडे दावा टाकला, पोचपावतीवर शिक्का घेतला, आणि त्या तारखेपुढे ६ महिने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केला. बंदीची नोटीस अजून आलेली नाही. आली तर गाडीत ठेवायची नाही, असं त्यांनी कबूल केलंय.